मॉरिशसला जाताय? मग समुद्राबरोबर ऊसही बघून या

मॉरिशसचं पॅकेज बघितलं की त्यात ठरलेलं असतं, एक दिवस नॉर्थ टूर, एक दिवस साऊथ टूर, एक दिवस बोटीने छोट्या बेटावर आणि उरलेला वेळ रिसॉर्टच्या आरामखुर्चीत. त्यात वाईट काहीच नाही, समुद्र खरंच तेवढा सुंदर आहे. पण असं फिरलं तर ते मॉरिशस होतं की दुसरं कुठलं बेट हे घरी आल्यावर सांगता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे बेट कळायचं तर समुद्राइतकाच ऊस बघायला हवा. तिथे माणसं आली ती उसासाठी, आणली गेली ती उसासाठी, आणि आज तिथे देवळात आरती, मशिदीत अजान, चर्चमध्ये फ्रेंच प्रार्थना आणि रस्त्यावर क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली) असं जे सगळं एकत्र दिसतं ते त्या उसामुळेच. म्हणून खाली जे लिहितोय ते ट्रिप कशी आखायची याबद्दलच आहे, फक्त मधेमधे इतिहास येणार, कारण तो सोडून प्लॅन बनवला तर अर्धं बेट सुटतं.

आधी बेटाचा नकाशा डोक्यात बसवा. आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्याही पुढे, हिंदी महासागरात ज्वालामुखीतून वर आलेलं हे बेट. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५ च्या आसपास, म्हणजे कुठूनही कुठेही दीडदोन तासात पोचता येतं. मधे उंच पठार, कडेला उतार, आणि किनाऱ्याच्या बाहेर जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत. ही भिंत म्हणजे मॉरिशसच्या बीचचं सगळं रहस्य. मोठ्या लाटा बाहेरच फुटतात, दूरवर पांढरी रेघ दिसते ना तीच ती, आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. पण जिथे नदीचं गोडं पाणी समुद्रात येतं तिथे प्रवाळ वाढत नाही, तिथे भिंतीला खिंड पडते आणि त्या खिंडीतून पाणी जोरात बाहेर ओढलं जातं, तेव्हा अशा जागेजवळ पोहायला जाऊ नका. आणि दक्षिणेला ग्री-ग्री भागात भिंतच नाही, तिथे लाटा थेट काळ्या कड्यावर आपटतात. बघायला जबरदस्त, पण पाण्यात उतरायची जागा ती नाही.

दुसरी गोष्ट वारा. वारे आग्नेयेकडून येतात, पठाराला अडतात आणि तिथेच पाऊस टाकतात. त्यामुळे मधलं क्युरपीप गाव सतत ओलं आणि गार, तर पश्चिम किनारा कोरडा आणि उन्हाचा. हॉटेलच्या खिडकीतून पाऊस दिसला म्हणून दिवस फुकट गेला असं समजू नका, गाडी पश्चिमेकडे वळवा, बऱ्याचदा तासाभरात ऊन सापडतं. जाकीट मात्र बॅगेत हवंच, पठारावर ते लागतं, आणि बीचचं ठिकाण म्हणून लोक ते नेतच नाहीत.

कधी जायचं? बेट विषुववृत्ताच्या खाली आहे त्यामुळे आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. नोव्हेंबर ते एप्रिल गरम आणि दमट, त्यात जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. मे ते ऑक्टोबर गार आणि कोरडं, पण जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर वारा बोचतो. मला विचाराल तर मे-जून किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. सुट्टीमुळे जानेवारी-फेब्रुवारीतच जायची वेळ आली तर जा, फक्त वादळाच्या इशाऱ्याचे एक ते चार वर्ग असतात एवढं माहीत असू द्या. वर्ग तीन लागला की बस वगैरे बंद आणि सगळे घरात, त्या दिवशी हॉटेलवाले सांगतील ते निमूट ऐकायचं. विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असं घेतलं तर जीवाला घोर नाही.

कुठे राहायचं यावर लोक फार गोंधळतात. रात्री बाहेर फिरायला, खायला, दुकानं बघायला आवडत असेल तर उत्तरेला ग्राँ बे. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर त्याच्याच खाली त्रु-ओ-बिश, पाणी उथळ आणि शांत. लांबलचक पांढरी वाळू आणि हनिमूनची शांतता हवी तर पूर्वेला बेल मार, फक्त वाऱ्याचे महिने टाळून. डोंगर, सूर्यास्त आणि स्वस्त अपार्टमेंट हवं असेल तर पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक, मी स्वतः कुणालाही पहिल्यांदा हेच सांगतो. सुरूच्या झाडांखाली लांब सार्वजनिक बीच आहे, शनिवार-रविवार तिथले कुटुंबच्या कुटुंब पातेल्यांसकट येतात, दिवसभर बसतात, आणि संध्याकाळी कुणीतरी ढोल काढतो. रिसॉर्टमध्ये बसून हे दिसत नाही. आणि एक लक्षात ठेवा, भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा तिथे सगळ्यांचा असतो, हॉटेलच्या समोरून चालत गेलात तर कुणी हटकू शकत नाही.

फिरायला गाडी भाड्याने घ्या. वाहनं डाव्या बाजूने चालतात त्यामुळे आपल्याला अडचण येत नाही, भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट काढून ठेवलं तर उत्तम. उसाच्या शेतांमधले रस्ते अरुंद असतात आणि तोडणीच्या दिवसात, म्हणजे साधारण जून ते डिसेंबर, ट्रक ओव्हरलोड होऊन रांगेत चालतात, घाई करू नका. गाडी नको असेल तर बसचं जाळं चांगलं आहे पण गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर संपतात. टॅक्सी केली तर पूर्ण दिवसाचे पैसे आधी ठरवायचे. राजधानी पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रोही आहे, भारताच्या मदतीने झालेली, आणि राजधानीत गाडी नेऊन पार्किंग शोधण्यापेक्षा मेट्रोने गेलेलं शंभर पटीने बरं.

आता मुख्य गोष्ट. पहिला पूर्ण दिवस पोर्ट लुईला द्या. बहुतेक जण हा दिवस शेवटी ठेवतात, शॉपिंगसाठी, आणि मग कंटाळून अर्धवट सोडतात. मी म्हणेन पहिलाच दिवस, तोही सकाळी, आणि रविवार सोडून, कारण आप्रवासी घाट रविवारी बंद असतो. आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आलेले मजूर जिथे उतरायचे ती जागा, बंदराजवळ आहे, तिकीट लागत नाही, आणि बाहेरून बघितलं तर चार जुन्या दगडी भिंती. घाईत असलेला माणूस पाच मिनिटात बाहेर येतो. तसं करू नका, आधी शेजारच्या माहिती केंद्रात तासभर घालवा आणि मग आवारात या.

मागची गोष्ट अशी. डच इथे १५९८ मध्ये आले, त्यांच्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटाला नाव दिलं, १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला, हरणं आणली, डोडो त्यांच्याच काळात संपला, आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, १७३५ पासून ला बूरदोने या गव्हर्नरने पोर्ट लुईचं बंदर बांधलं, आणि कामाला मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं पण भाषा, कायदे, जमिनी फ्रेंचांच्याच राहू दिल्या, म्हणून आजही गावांची नावं फ्रेंच आहेत. १८२५ मध्ये इंग्लंडने इथल्या साखरेवरचा जादा कर काढला आणि जिकडे तिकडे ऊस लागला. मग १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना काही नाही, आणि मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवेच होते. त्याच सुमारास, २ नोव्हेंबर १८३४ ला, अॅटलस नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईत उतरले. तिथून पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं याच बंदरातून आली, कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबईहूनसुद्धा.

आवारात सोळा दगडी पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेला प्रत्येक माणूस त्या चढून आत यायचा, नोंद व्हायची, नंबर मिळायचा, आणि एकदोन रात्रींनी मळ्यावर रवानगी. त्या पायऱ्यांसमोर उभं राहून बघा, कडा घासून गोल झाल्यात, आणि समुद्र आता भराव घालून मागे सरकलाय म्हणून त्या कुठून सुरू होतात ते नीट बघावं लागतं. करार बहुधा पाच वर्षांचा. एक दिवस कामावर नाही गेलं तर दोन दिवसांची मजुरी कापायचे. हे वाचल्यावर बाहेरच्या उसाकडे बघायची नजरच बदलते. २००६ पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि माझ्या मते बेटावर सगळ्यात महत्त्वाची जागा हीच.

तिथून चालत सेंट्रल मार्केटला जा, भाजीच्या ढिगांमधून वाट काढा, आणि दालपुरी खा. ही तिथली राष्ट्रीय डिश म्हटली तरी चालेल, चण्याची डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, म्हणजे बिनगुळाची पुरणपोळीच, जोडीने देतात, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची रस्सा चटणी, मिरची, आणि कागदात गुंडाळून हातात. शाकाहारी लोकांची काळजीच मिटली. सोबत दुधातला सब्जा घातलेला गार अलुदा घ्या. पोर्ट लुईत स्टॅम्प जमवणारं कुणी बरोबर असेल तर ब्लू पेनी म्युझियममध्ये १८४७ चे प्रसिद्ध मॉरिशस 'पोस्ट ऑफिस' स्टॅम्प आहेत, उजेडाने खराब होऊ नयेत म्हणून अस्सल स्टॅम्पवर थोडाच वेळ दिवा लावतात, ती वेळ दारात विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी पांप्लमूस. तिथली बाग सगळ्या पॅकेजमध्ये असते, मोठ्या परातीसारख्या पानांचं कमळ बघायला नेतात आणि वीस मिनिटात बाहेर काढतात. बाग १७७० च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच माणसाने वाढवली, डचांची मसाल्यावरची मक्तेदारी मोडायची म्हणून त्याने लवंग-जायफळाची रोपं इथे आणून लावली होती, तेव्हा गाइड घेऊन मसाल्याची झाडंही बघा. पण खरं सांगायचं तर बागेपेक्षा जास्त वेळ शेजारच्या साखरेच्या म्युझियमला द्या, बो प्लाँ नावाचा बंद पडलेला कारखाना जसाच्या तसा ठेवून आत म्युझियम केलंय. ऊस कसा पिळायचे, रस कुठल्या कढईत आटायचा, हे यंत्रासमोर उभं राहून कळतं, आणि शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात, गुळाच्या जवळ जाणाऱ्या गडद साखरेपासून सुरू करा. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना तर तिथून ओढून बाहेर काढावं लागेल.

परत येताना मुद्दाम शेतातल्या रस्त्याने या. उसाच्या मधेच काळ्या दगडांचे चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचे ढीग दिसतील, काही तर एका मजल्याएवढे उंच. ज्वालामुखीच्या जमिनीत दगडच दगड, ते मजुरांनी हाताने वेचून रचले तेव्हा कुठे उसाला जागा झाली. कुठे एकटी दगडी चिमणी उभी असते, कारखाना गेला, चिमणी राहिली. गाडी बाजूला घेऊन एका ढिगाजवळ जा, एकावर एक दगड किती बारकाईने बसवलाय ते बघा. त्याला तिकीट नाही, बोर्ड नाही, कुठल्या टूरमध्ये नाव नाही.

नैऋत्येचा दिवस सगळ्यात भरगच्च, त्यासाठी सकाळी लवकर निघा. आधी गंगा तलाव, पठारावरचं ज्वालामुखीच्या मुखातलं तळं. बाहेर ३३ मीटर उंच मंगल महादेव, बडोद्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीसारखाच. महाशिवरात्रीला इथे बेटभरातून लाखो लोक कावड घेऊन चालत येतात, त्या दिवसात गेलात तर रस्ते बंद असतात पण वाटेत लोक पाणी, सरबत, खाऊ हातात देतात, चालायची तयारी असेल तर नक्की चाला. मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानातून खाली उतरा. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मध्ये जंगलात फक्त चार उरला होता, तिथून प्रयत्न करून वाचवला, तो याच जंगलात दिसतो. शामारेलला सात रंगांची माती आहे, फोटोत जितकी भडक दिसते तितकी दुपारी दिसत नाही, सकाळचं तिरपं ऊन हवं. धबधबा त्याच आवारात, लगेच दिसतो.

आणि मग ल मोर्न. समुद्रातून सरळ उठलेला ५५६ मीटरचा खडक. पळून आलेले गुलाम याच्या कपारींमध्ये लपून राहायचे. तिथले लोक सांगतात की गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर आले तेव्हा, आपल्याला पकडायला आलेत असं वाटून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ मध्ये याचंही नाव वारसा यादीत आलं. चढायचं असेल तर उजाडताच सुरुवात करा, गाइड घ्या, अर्ध्या वाटेपर्यंत सोपं आहे आणि तिथून लगून, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआतलं शांत पाणी, पूर्ण दिसतं, त्यापुढे दोर धरून चढावं लागतं तेव्हा उंचीची भीती असेल तर तिथेच थांबा. इंटरनेटवर फिरणारा 'पाण्याखालचा धबधबा' याच टोकाला आहे, वाळू आणि गाळ खोल पाण्यात घसरताना तसा भास होतो, पण तो फक्त हेलिकॉप्टर किंवा विमानातूनच दिसतो, किनाऱ्यावरून शोधत बसू नका.

समुद्राचे दिवस मोकळे ठेवा. पायात रबरी वॉटर शूज हवेतच, समुद्री साळू आणि तुटक्या प्रवाळाने पाय फाटतो. स्नॉर्केलिंगला ब्लू बे सर्वात छान, ते संरक्षित क्षेत्र आहे, प्रवाळावर उभं राहायचं नाही, शिंपले-प्रवाळ बॅगेत घालायचे नाहीत, कायद्यानेही बंदी आहे. इल-ओ-सेर्फ या छोट्या बेटावर जायचं तर पहिल्या बोटीने जा, अकरानंतर गर्दी होते. तामारँच्या डॉल्फिन ट्रिपबद्दल मात्र विचार करा, पंधरावीस बोटी डॉल्फिनच्या मागे धावतात ते बघवत नाही. जायचंच तर लांबून बघणारी बोट निवडा, पाण्यात उड्या मारायला लावणारी नको.

संध्याकाळी हॉटेलमध्ये सेगा नाच असतो, रंगीत घेर आणि गाणी. तो बघा, पण जमलं तर गावातला, वाळूवरचा सेगा बघा. बकऱ्याच्या कातड्याचा रवान नावाचा मोठा डफ असतो, वाजवायच्या आधी शेकोटीवर धरून तापवतात, कातडं ताणलं की बोटाने टिचकी मारून बघतात, आवाज घुमला की सुरू. ही गुलामांची गाणी, ऊसतोडीनंतर रात्री म्हटलेली, २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत.

आपल्यासाठी अजून एक वाट आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये कोकणातले, रत्नागिरीकडचे बरेच होते, आणि त्यांची पुढची पिढी आजही स्वतःला मराठी म्हणते. घरी बहुतेक क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकता येतं, गणपती १८९६ पासून बसतो आणि गणेश चतुर्थीला देशाला सार्वजनिक सुट्टी असते. सप्टेंबरच्या आसपास जाणार असाल तर तारीख चतुर्थीशी जुळवा. कास्कावेलसारख्या गावात विसर्जनाची मिरवणूक निघते, आणि त्यात कोकणातली जाखडी नाचतात, तिथे तिला झाकरी म्हणतात. गोल धरून, पायात चाळ बांधून, पाचसहा पिढ्यांपूर्वी जहाजातून गेलेला नाच अजून तसाच. फक्त लांब उभं राहून व्हिडिओ काढू नका, जवळ जाऊन मराठीत बोला, सावकाश बोला, लोक घरी जेवायला बोलावतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता यायला हवेत, आणि निघायच्या आधी ऑनलाइन ट्रॅव्हल फॉर्म भरायचा. औषधं प्रिस्क्रिप्शनसकट न्या, झोपेच्या आणि जोरदार पेनकिलर गोळ्यांबाबत कस्टम फार कडक आहे. पैसे मॉरिशियन रुपयात, त्याचा भाव आपल्या रुपयाच्या दुपटीच्या आसपास असतो, जाताना रेट बघून घ्या, नाहीतर किंमत वाचून स्वस्त वाटतं आणि हिशोब चुकतो. प्लग ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचा, अॅडॉप्टर इथूनच न्या. मुंबईहून थेट विमान साधारण साडेसहा तास, आणि घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

शेवटचा दिवस माएबूरला ठेवा, कारण विमानतळ तिथून जवळ आहे. समोरच्या खाडीत ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंचांनी इंग्रज आरमाराला हरवलं, त्या लढाईचं नाव पॅरिसच्या विजय कमानीवर कोरलेलं आहे. याच किनाऱ्याजवळ २५ जुलै २०२० ला वाकाशियो जहाज प्रवाळावर चढलं, काही दिवसांनी हजारभर टन तेल लगूनमध्ये सांडलं, आणि कुणाची वाट न बघता गावकऱ्यांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. इथूनच पाच-दहा मिनिटांच्या बोटीने इल-ओ-झेग्रेत बेट आहे, तिथे मूळचं जंगल परत वाढवलंय, गुलाबी कबुतरं आणि मोठी कासवं मोकळी फिरतात, गाइडसोबतच सोडतात म्हणून बुकिंग आधी करा. आणि परतीचं विमान सोमवारी रात्रीचं मिळत असेल तर तेच घ्या, माएबूरचा मोठा बाजार सोमवारी भरतो, व्हॅनिलाच्या शेंगा, गडद साखर आणि घरच्या लोणच्याच्या बाटल्या तिथून घ्या, विमानतळावर त्याच वस्तूंना जास्त पैसे पडतात. बाटल्या मात्र चेक-इन बॅगेत टाका.